शर्यतीतला शेजारी

श्रोते हो, आज मी तुमच्याशी एका अगदी लहानशा विषयावर बोलणार आहे. शर्यत चालू असताना शेजारच्या स्पर्धकाशी बोलावे की बोलू नये, आणि बोलायचेच झाले तर काय बोलावे, कसे बोलावे? तुम्ही म्हणाल, गुरुजी, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे? मलाही पूर्वी असेच वाटत असे. पण माझ्या हातून एक चूक घडली आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनात घर करून राहिला. ती चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे सोपे जाईल.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात पहाटे पाचच्या सुमारास कोणत्याही गावाच्या वेशीबाहेर जा. चिखली असो, मेहकर असो, मोताळा असो, अंधारात पावलांचे आवाज ऐकू येतात. ही पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी आपली मुले-मुली. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, आणि तिथे एकेक सेकंदाला मोल असते. तर अशाच मुलांसाठी काही वर्षांपूर्वी एका गावी २६ जानेवारीच्या निमित्ताने पाच किलोमीटरची शर्यत ठेवली होती. हौस म्हणून मीही उतरलो. चाळिशी ओलांडलेला माणूस, मला काही नंबर काढायचा नव्हता. निघाल्यावर पाहतो तो शेजारी माझाच एक विद्यार्थी. मला आनंद झाला. मी विचारले, "काय रे, अभ्यास कसा काय चाललाय? वडील बरे आहेत ना? यंदा सोयाबीन कसं झालं?" तोही बिचारा प्रत्येक प्रश्नाला "हो सर", "बरं आहे सर" असे उत्तर देत राहिला. पहिले दोन किलोमीटर आम्ही असे बोलत बोलत गेलो. मग मी दमलो आणि तो पुढे गेला.

शर्यतीत तो चौथा आला. बक्षिसे तीन होती. तिसरे बक्षीस धावण्याच्या बुटांचे होते, आणि या मुलाच्या बुटांचे तळवे झिजून गेले होते. दोन दिवसांनी त्याच्या मित्राने मला भीत भीत सांगितले, "सर, तुम्ही बोलत होता म्हणून तो हळू पळाला. सरांना मागे टाकून कसं जायचं, असं म्हणत होता."

श्रोते हो, त्या मुलाने माझा मान राखला आणि त्याची किंमत त्याने भरली. मी काही वाईट बोललो नव्हतो, त्याला अडवले नव्हते, चार मायेचे शब्दच बोललो होतो. मग चूक कोठे झाली? चूक अशी झाली की, त्या वेळी त्याचा श्वास हा त्याचा होता आणि तो मी न विचारता खर्च करून टाकला. आजच्या माझ्या बोलण्याचे सार एवढेच आहे. आता ते जरा उलगडून पाहू.

खेळात बोलावे केव्हा आणि किती, याचा विचार आपल्या मातीतल्या खेळांनी फार पूर्वी केलेला आहे. कबड्डी घ्या. चढाई करणाऱ्याला "कबड्डी, कबड्डी" असा दम सतत घोकावा लागतो. तो का? तर त्याने मध्येच नवा श्वास घेतला नाही याची ती खूण असते. शब्द थांबला की चढाई संपली. खो-खोत पाठलाग करणाऱ्याने बसलेल्या गड्याला "खो" असा शब्द द्यायचा. तो शब्द नीट मिळाल्याशिवाय त्याने उठायचे नाही. कुस्तीत तर जोड लागण्यापूर्वी हातात हात द्यायचा, आणि एकदा भिडल्यावर तोंडाने बडबड करणाऱ्या मल्लाला जाणते लोक नावे ठेवतात. म्हणजे बोलणे आणि श्वास यांचा हिशेब आपल्याला नवा नाही. फक्त रस्त्यावरच्या लांब पल्ल्याच्या शर्यती आपल्याकडे अलीकडे वाढल्या, आणि त्यांच्यातली रीतभात अजून आपल्या अंगवळणी पडावयाची आहे.

या शर्यतींपैकी सर्वांत कठीण म्हणजे ट्रायथलॉन. एकाच दमात आधी पोहणे, मग सायकल, मग धावणे. तिन्ही मिळून एकच शर्यत आणि घड्याळ एकच. कपडे बदलायला, बूट घालायला जो वेळ लागतो तोही त्यात धरला जातो. ऑलिंपिकमध्ये हा खेळ सन २००० साली सिडनी येथे आला. तेथे दीड किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल आणि १० किलोमीटर धावणे असते. याहून मोठा प्रकार 'आयर्नमन' म्हणजे लोहपुरुष या नावाने ओळखला जातो. त्यात ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि वर ४२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन.

मौज अशी की, ही लोहपुरुषांची शर्यत जन्माला आली तीच मुळी स्पर्धकांच्या गप्पांतून. सन १९७७ मध्ये हवाई बेटांवर एका शर्यतीच्या बक्षीस समारंभात वाद रंगला की, सर्वांत काटक कोण? पोहणारा, धावणारा की सायकलवाला? जॉन कॉलिन्स नावाचे एक नौदल अधिकारी तेथे होते. त्यांनी सुचवले, बेटावरच्या तिन्ही मोठ्या शर्यती एकत्र जोडा आणि वाद मिटवा. त्याप्रमाणे १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली आयर्नमन झाली. पंधरा जण उतरले आणि बारा जणांनी ती पुरी केली.

याच शर्यतीचा अर्धा प्रकार २० ऑक्टोबर २०१९ रोजी आपल्या शेजारी गोव्यात, पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर प्रथम भरला. १.९ किलोमीटर समुद्रात पोहायचे, ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि २१ किलोमीटर धावायचे. नव्वद किलोमीटर म्हणजे किती? बुलढाण्याहून चिखली, मेहकर करीत लोणारच्या सरोवरापर्यंत जा, साधारण तेवढे भरेल. महाराष्ट्रातून पुष्कळ माणसे अशा स्पर्धांना जातात. त्यांत डॉक्टर असतात, पोलीस असतात, शिक्षक असतात, गृहिणीही असतात. बहुतेकांना नंबर काढायचा नसतो, शर्यत पुरी करायची असते. पाच, सहा, आठ तास एकमेकांच्या मागेपुढे जाणारी ही माणसे. ती अगदी मुकी कशी राहतील? म्हणून बोलण्याची रीत येथे फार स्पष्ट घडत गेली आहे.

ती रीत समजण्यासाठी श्वासाचे गणित थोडे पाहू. आपण स्वस्थ बसलेले असतो तेव्हा मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. जोराने धावू लागलो की हीच गरज कित्येक पटींनी वाढते. कसलेला धावपटू मिनिटाला शंभर लिटरहून अधिक हवा घेतो. आता बोलणे हे श्वास बाहेर सोडतानाच होते. वाक्य लांबले की पुढचा श्वास लांबतो. म्हणून एक साधी कसोटी सांगतात. धावताना तुम्ही पुरे वाक्य सहज बोलू शकत असाल तर तुमचा वेग मध्यम आहे. दोन-तीन शब्दांवर दम तुटत असेल तर तुम्ही कष्टाच्या वेगात आहात. यासाठी घड्याळ लागत नाही की यंत्र लागत नाही.

ही कसोटी आपण स्वतःला लावतोच, पण ती शेजाऱ्यालाही लावता येते. तुम्ही "कुठून आलात भाऊ?" असे विचारले आणि तो म्हणाला, "मलकापूरहून आलो, तुम्ही कुठले?" तर समजावे की त्याला बोलायला सवड आहे. तो नुसता "मलकापूर" म्हणाला तर समजावे की सवड थोडी आहे. आणि त्याने नुसता हात वर केला किंवा मान हलवली, तर तेच त्याचे पुरे उत्तर आहे. पुन्हा विचारू नये, रागही मानू नये. त्याने तुम्हाला तोडले असे नाही. त्याच्यापाशी या घडीला तेवढेच होते, आणि तेवढे त्याने दिले.

आता ट्रायथलॉनचे तीन टप्पे घेऊ, कारण तिन्हींची रीत निराळी आहे.

पहिला टप्पा पाण्याचा. तेथे गप्पा नाहीत. शेकडो माणसे एकाच वेळी हातपाय मारीत असतात, कोणाचा हात कोणाला लागतो, कोणाची लाथ बसते. त्याचा मनाला लावून घेण्याजोगा अर्थ नसतो. बोलणे असते ते काठावर, पाण्यात उतरण्यापूर्वी. नवखा माणूस गप्प गप्प उभा असतो, छाती धडधडत असते. अशा वेळी "पहिल्यांदा का? मग कडेकडेनं जा, गर्दी पुढे जाऊ दे" हे एक वाक्य फार उपयोगी पडते. पाण्यात मात्र एकच भाषा आहे, ती म्हणजे वर केलेला हात. हात वर करणे म्हणजे मदत मागणे. जवळच्या होडीला धरून विसावा घेतला तरी स्पर्धक बाद होत नाही, फक्त होडीने त्याला पुढे न्यावयाचे नसते. शेजारचा माणूस गटांगळ्या खात असेल तर आपली वेळ विसरून होडीवाल्याला हाक मारणे, हे येथले पहिले कर्तव्य. आपल्याकडे विहिरीत आणि धरणात पोहणाऱ्या मुलांनाही हे शिकवले पाहिजे. बुडणारा माणूस बहुधा ओरडत नाही, कारण ओरडायला श्वास लागतो आणि तोच त्याच्यापाशी नसतो. म्हणून त्याच्या वतीने ओरडणारा कोणी तरी पाहिजे.

दुसरा टप्पा सायकलचा. येथे गप्पांना नियमच आडवा येतो. समोरून वारा असताना आपण शेतातून चाललो आणि पुढे धिप्पाड माणूस असला, तर त्याच्या मागे वारा कमी लागतो. सायकलवर हा आडोसा फार मोठा असतो, मागच्याची बरीच शक्ती वाचते. ऑलिंपिकमधल्या निवडक खेळाडूंना तो घेण्याची मुभा आहे. पण आयर्नमनसारख्या स्पर्धेत सामान्य स्पर्धकाने असा आडोसा घेणे म्हणजे फुकटचे खाणे समजतात. तेथे दोन सायकलींत १२ मीटर अंतर ठेवावे लागते, आणि पुढच्याला ओलांडायचे तर ते २५ सेकंदांत उरकावे लागते. शेजारी शेजारी सायकली चालवीत गप्पा मारणे म्हणजे मागच्याची वाट अडवणे. पंचाने पाहिले तर काही मिनिटे थांबून राहण्याची शिक्षा होते. म्हणजे तुमच्या एका "काय, कसं काय?" पायी त्या बिचाऱ्यालाही दंड बसायचा!

म्हणून सायकलवरचे बोलणे दोन शब्दांचे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, तेव्हा ओलांडताना उजवीकडून जायचे आणि आधीच स्वच्छ आवाजात सांगायचे, "भाऊ, उजवीकडून!" किंवा "ताई, उजवीकडून!" एवढे ऐकले की पुढचा माणूस डावीकडे सरळ राहतो, दचकून वळत नाही. अगदी जवळ जाऊन ओरडू नये. रस्त्यात खड्डा असेल, गुरे आडवी येत असतील, तर हाताने खुणावून "खड्डा!", "गुरं!" असे मागच्याला सांगावे. अशा स्पर्धांत कानाला गाण्याची यंत्रे लावण्यास मनाई असते. त्याचे एक उघड कारण असे की, कान बंद असले तर ही हाक ऐकू कशी येणार? आपल्या भागात राजूर घाटाच्या किंवा बोथ्याच्या वळणांवर पहाटे सायकल चालवणारांनी ही एवढी गोष्ट पाळली, तरी पुष्कळ अपघात टळतील. ही मुले पाहतो तेव्हा दोन्ही कानांत बोंडे घातलेली असतात आणि मागून ट्रक येत असतो. शर्यतीचा नियम येथे रोजच्या रस्त्यालाही लावावा.

तिसरा टप्पा धावण्याचा, आणि येथेच खरी बोलण्याची जागा आहे. अंतराचे बंधन नाही, दोघे शेजारून धावू शकतात, अंग थकलेले असते, मन कोणाची तरी सोबत शोधते. पण येथेच चुकाही अधिक होतात.

पहिली चूक खोट्या धीराची. पाच किलोमीटर उरलेले असताना "आलंच आता, थोडंच राहिलं" असे आपण सहज म्हणतो. हेतू चांगला असतो. पण थकलेला माणूस त्या "थोड्या"वर विसंबून उरली शक्ती लावतो आणि वळणापलीकडे आणखी लांब रस्ता दिसला की खचतो. म्हणून अंतर माहीत असेल तर खरे सांगावे, "अजून पाच आहेत, पुढे पाणी आहे." माहीत नसेल तर अंतर सांगू नये. खऱ्या आकड्याने जो धीर येतो तो टिकतो.

दुसरी चूक वयाची आणि बाईमाणसाची. "काका, या वयात कमाल आहे हं!" असे पंचविशीतला पोरगा पन्नाशीच्या माणसाला म्हणतो. त्याला ती स्तुती वाटते, पण काकांनी वर्षभर पहाटे उठून केलेली मेहनत त्या "या वयात"ने उणी होते. तसेच एखादी ताई आपल्याला ओलांडून गेली की काही जणांना ते सहन होत नाही. ते दम लावून पुन्हा तिच्या पुढे जातात, पुन्हा मागे पडतात, वर काही तरी विनोद करतात. अनोळखी बाईच्या शेजारून तिची इच्छा नसताना धावत राहणे, तिला नावगाव विचारणे, हे तर टाळलेच पाहिजे. क्रमांकाच्या कागदावर पुष्कळदा नाव छापलेले असते. म्हणून नावाने एकेरी हाक मारण्याचा परवाना मिळत नाही. "छान चाललंय ताई" म्हणावे आणि आपल्या वेगाने जावे. आमच्या वऱ्हाडात "भाऊ" आणि "ताई" हे दोन शब्द सगळीकडे चालतात, तेवढे पुरे आहेत.

तिसरी गोष्ट जरा अवघड आहे. बोलून प्रतिस्पर्ध्याला फसवावे काय? याविषयी एक जुना प्रसंग प्रसिद्ध आहे. सन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकची मॅरेथॉन. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक पाच हजार आणि दहा हजार मीटर जिंकून आला होता, पण मॅरेथॉन तो आयुष्यात प्रथमच धावत होता. इंग्लंडचा जिम पीटर्स हा त्या वेळचा या अंतरातला सर्वांत वेगवान माणूस. झाटोपेक त्याच्या शेजारी आला आणि त्याने विचारले, हा वेग बरोबर आहे का? पीटर्स स्वतः थकत चालला होता. पण याला चकवावे म्हणून तो म्हणाला, फार हळू आहे. झाटोपेकने ते खरे मानले आणि वेग वाढवला! पुढे पीटर्सच्या पायात गोळे आले आणि त्याला शर्यत सोडावी लागली. झाटोपेकने २ तास २३ मिनिटांत मॅरेथॉन जिंकली.

या गोष्टीवर आजही चर्चा होते. कोणी म्हणतात, झाटोपेकचा प्रश्न भोळा होता. कोणी म्हणतात, त्या प्रश्नातही डाव होता. मला त्यातून एवढेच घ्यावेसे वाटते की, तोंडाने लपवलेला थकवा पायांनी लपत नाही. खेळात डावपेच असतात, आणि वेग वाढवून, कमी करून प्रतिस्पर्ध्याला हुलकावणी देणे हा खेळाचाच भाग आहे. पण ज्याने विश्वासाने विचारले त्याला खोटे सांगणे निराळे. सांगायचे नसेल तर गप्प राहावे, हसावे. न बोलण्याचा हक्क प्रत्येक स्पर्धकाला आहे आणि तो वापरणे असभ्यपणाचे नाही.

आता मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येतो. श्रोते हो, कृपा करून इकडे लक्ष द्या, विशेषतः शिक्षकांनी. शर्यतीत एक बोलणे असे आहे की, ते केलेच पाहिजे, मग आपला नंबर गेला तरी चालेल. भरतीच्या मैदानावर किंवा शर्यतीत धावताना उमेदवार कोसळल्याच्या बातम्या आपण वर्तमानपत्रांत वाचतो. आपल्याकडचे ऊन तर सर्वांना ठाऊक आहे. कष्टाने आणि उन्हाने शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेले की मेंदूचे काम बिघडू लागते. माणूस झोकांड्या खातो, भलतीकडे वळतो, चिडतो, असंबद्ध बोलतो. त्याला स्वतःला हे कळत नाही. विचारले तर "मी ठीक आहे" असेच म्हणेल. ते ओळखणारा पहिला माणूस कोण? डॉक्टर नाही, पंच नाही. शेजारी धावणारा स्पर्धक.

म्हणून शेजारचा धावणारा डगमगताना दिसला तर त्याला साधे प्रश्न विचारा. "नाव काय भाऊ? गाव कोणतं? आता कितवा किलोमीटर?" उत्तर सरळ आले तर बरे. उत्तर चुकले, अडखळले, किंवा तो नुसता बघत राहिला, तर त्याला थांबवा. सावलीत न्या, आरडाओरड करून मदत बोलवा, १०८ क्रमांकाला दूरध्वनी करा. अंगावर, डोक्यावर, मानेवर भरपूर गार पाणी ओता, वारा घाला. रुग्णवाहिका येईपर्यंत वाट पाहत बसू नका, अंग गार करणे त्याच क्षणी सुरू करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. येथे तुमच्या गप्पांनी एखाद्याचा जीव वाचतो. एरवी जे तीन प्रश्न आपण वेळ घालवण्यासाठी विचारतो, तेच येथे परीक्षा होतात.

मदत करावी तर ती किती, हाही प्रश्न आहे. सन २०१६ च्या १८ सप्टेंबरला मेक्सिकोतील कोझुमेल येथे ट्रायथलॉनची जागतिक मालिका संपत होती. इंग्लंडचा जॉनी ब्राउनली सर्वांच्या पुढे होता. शेवटचे काही शे मीटर उरले असताना उन्हाने त्याचे पाय लटपटू लागले. मागून त्याचा थोरला भाऊ अ‍ॅलिस्टर आला. तो ऑलिंपिकचा विजेता. त्याला जिंकण्याची संधी होती. त्याने भावाच्या खांद्याखाली हात घातला, त्याला ओढत नेले आणि रेषेपाशी आपल्या आधी ढकलले. पहिला दक्षिण आफ्रिकेचा हेन्री शूमन आला, जॉनी दुसरा आणि अ‍ॅलिस्टर तिसरा. साऱ्या जगाने त्या भावांचे कौतुक केले. पण पुढे नियम करण्यात आला की, एका स्पर्धकाने दुसऱ्याला हाताने पुढे नेऊ नये, नेल्यास दोघेही बाद. वरवर हा नियम कठोर वाटतो. पण मला तो पटतो. कोसळणाऱ्या माणसाला गरज असते ती सावलीची, पाण्याची आणि डॉक्टरची. त्याला रेषेकडे ओढणे म्हणजे त्याचा धोका वाढवणे. थांबवून वाचवावे, ओढून जिंकवू नये.

त्याच नियमांच्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट. १५ ऑगस्ट २०१९ रोजी टोकियो येथे ऑलिंपिकच्या रंगीत तालमीसारखी एक स्पर्धा झाली. जेसिका लर्मंथ आणि जॉर्जिया टेलर-ब्राउन या दोघी इंग्लिश मैत्रिणी सर्वांच्या पुढे होत्या. त्यांनी हातात हात घालून रेषा ओलांडली, आणि दोघीही बाद झाल्या! ठरवून बरोबरी करणे नियमात बसत नाही. बर्म्युडाच्या फ्लोरा डफीला विजेती ठरवले. मैत्री असावी, पण रेषेपर्यंत ज्याने त्याने आपली शर्यत धावावी.

रेषेनंतर मात्र बोलण्यावर कसलेच बंधन नाही, आणि तेथे आपण फार कंजूष होतो. जिंकलेल्याभोवती गर्दी, हरलेला एकटा. सन २०२० चे ऑलिंपिक साथीमुळे २०२१ मध्ये टोकियोत झाले. २७ जुलैला महिलांची ट्रायथलॉन होती. बेल्जियमची क्लेअर मिशेल सर्वांत शेवटी पोहोचली आणि जमिनीवर बसून रडू लागली. नॉर्वेची लॉटे मिलर चोविसावी आली होती, ती तिच्यापाशी गेली. जवळ बसून तिला समजावले की, पुष्कळ जणींनी शर्यत अर्ध्यावर सोडली, तू सोडली नाहीस. ज्या माणसाने तोच रस्ता, तेच ऊन सोसले आहे, त्याच्या तोंडचा असा शब्द आई-बापांच्या शब्दाहूनही कधी कधी अधिक पोचतो.

शिक्षकबंधूंना माझी एक सूचना आहे. तालुक्याच्या शालेय क्रीडा स्पर्धांना मुले नेताना आपण त्यांना बूट, पाणी, क्रमांक सगळे सांगतो. त्यात पाच मिनिटे या गोष्टीला द्या. ओलांडताना आधी सांगायचे. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारायचे नाही. अंतर खोटे सांगायचे नाही. शेजारी डगमगला तर नावगाव विचारायचे आणि हाक मारायची. रेषेनंतर मागच्यासाठी थांबायचे. एवढ्या पाच गोष्टी मुले एका खेपेत लक्षात ठेवतात. आणि आणखी एक, ती आपल्यासाठी. मुलगा धावत असताना मैदानाच्या कडेने त्याला प्रश्न विचारू नका. आपण गुरुजी आहोत. त्याला उत्तर द्यावेच लागेल, आणि तो ते स्वतःच्या श्वासातून देईल.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी नंतर घरी बोलावले आणि म्हणालो, "माझं चुकलं रे. पुन्हा असं झालं तर सरळ पुढे निघून जा." तो संकोचला. मग हसून म्हणाला, "सर, पुढच्या वेळी हात दाखवीन." त्यानंतरही आम्ही एक-दोनदा शर्यतीत भेटलो. शेजारून जाताना तो मागे न पाहता नुसता हात वर करतो. मी काही बोलत नाही. तो पुढे जातो, दिसेनासा होतो. मी रेषेपाशी पोहोचतो तेव्हा तो तेथे पाण्याचा गडू घेऊन उभा असतो, आणि मग आमच्या गप्पा सुरू होतात. वडील कसे आहेत, सोयाबीन कसे झाले, सगळे तेव्हा विचारतो.